जुन्या घाटाची नवी रायफल: लिव्हर-अ‍ॅक्शन पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

नळीवर ‘विंचेस्टर’ असा ठसठशीत ठसा, अक्रोडाचा दस्ता, आणि बाजूला बारीक अक्षरांत ‘मेड इन जपान’. दुकानात पहिल्यांदा हे वाचणारा माणूस दचकतो. आपल्या गळ्यात नकली माल मारतायत की काय, अशी शंका त्याला येते. तसं काही नसतं. अमेरिकेतल्या न्यू हेवनचा विंचेस्टरचा जुना कारखाना २००६ साली बंद झाला. आज त्या नावाने मिळणाऱ्या १८७३, १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ या मॉडेलच्या लिव्हर रायफली (चापाभोवतीची कडी खाली-वर ओढून काडतूस भरायच्या) जपानमधल्या कोची इथे मिरोकू ही कंपनी बनवते, आणि फार चांगल्या बनवते. इटलीत ब्रेशियाच्या आसपास उबेर्ती, पेदेर्सोली, कियाप्पा हे कारखाने याच जुन्या नमुन्यांवर काम करतात. ब्राझीलची रॉसी कंपनी १८९२ ची नक्कल स्वस्तात देते.

म्हणजे अस्सल अमेरिकी ‘काउबॉय’ रायफल आज बहुतेक वेळा अमेरिकेबाहेर बनते. त्यात कमीपणा काही नाही. अडचण येते ती दुसरीकडेच. नवखा माणूस नावावर, वर्षावर, पितळेच्या चकाकीवर भाळतो आणि आतलं कुलूप बघायला विसरतो. बार उडताना काडतुसामागचा बोल्ट कशाने अडवून धरला आहे, यावर त्या रायफलीत कोणतं काडतूस चालेल आणि तिच्याकडून कोणतं काम होईल हे ठरतं. या लेखाचा बराचसा भाग त्या कुलपाबद्दलच आहे.

लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपला आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी यंत्राच्या आवडीपोटी वाचावं.

आधी कागद

दुकानात जाण्याआधी आपली इमिग्रेशनची स्थिती तपासा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फेडरल कायद्याने त्या बाजूने आडकाठी नाही. एच-१बी, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतुसं विकत घेणं आणि जवळ बाळगणं, दोन्हींना फेडरल कायद्याने मनाई आहे. त्याला काही मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्यातरी राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. मुदत संपली की अपवादही संपतो, आणि घरातली रायफल हाच गुन्हा ठरतो. मित्राची रायफल रेंजवर ‘जरा हातात घेऊन बघतो’ हेसुद्धा बाळगणंच. एका चुकीने व्हिसा, नोकरी, घर सगळं पणाला लागतं, म्हणून या बाबतीत चहाच्या टेबलावरच्या सल्ल्यावर विसंबू नका; वकिलाला विचारा.

लांब नळीच्या बंदुकीसाठी दुकानात वयाची अट १८ वर्षं आहे. फॉर्म ४४७३ हा खरेदीचा फेडरल अर्ज भरायचा, मग पार्श्वभूमी तपासली जाते. त्या फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न असतो. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याने तो नाही, आणि खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा. ‘तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो’ हाही गुन्हा, दोघे मित्र कितीही सज्जन असले तरी.

राज्यांचे नियम याहून निराळे. न्यू जर्सीत आधी ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये एफओआयडी हे बंदूकधारकाचं ओळखपत्र. आणि १८९८ किंवा त्याआधी बनलेली मूळ रायफल कायद्याने ‘अँटिक’ धरली जाते, तिला वेगळी वागणूक असते. ती सवलत नव्या नकलेला लागू करू नका. दिसायला १८७३ असली आणि काडतूस दुकानात मिळणारं असलं, तर कायद्याच्या दृष्टीने ती आजची बंदूकच.

काम ठरवा, मग काडतूस

तीन कामं साधारण समोर येतात. एक, रेंजवर लोखंडी पाट्यांवर नेम मारणं. ‘काउबॉय अ‍ॅक्शन’ स्पर्धा याच प्रकारच्या. त्यांची सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी १९८७ साली निघाली आणि या जुन्या नमुन्यांना पुन्हा बाजार मिळाला त्यात तिचा मोठा वाटा आहे. दोन, झाडीतली हरणाची शिकार. तीन, अस्वल किंवा एल्क या थोराड हरणासारखं मोठं जनावर.

पहिल्या कामासाठी .३५७ मॅग्नम घ्या, फार विचार करू नका. त्याच नळीतून .३८ स्पेशल चालतं. ते स्वस्त, मऊ, खांद्याला जाणवतही नाही, आणि बहुतेक दुकानांत मिळतं. जवळच्या अंतरावर, शंभर यार्डांच्या आत, योग्य गोळी निवडली तर .३५७ हरणालाही पुरतं, कारण पिस्तुलापेक्षा रायफलच्या लांब नळीत त्याला बराच जास्त वेग मिळतो. .४४-४० मध्ये इतिहास आहे, पण ते महाग आणि शोधावं लागतं. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनीच त्याच्या नादी लागावं. .४५ कोल्टबद्दल एक गंमत: मूळ विंचेस्टर लिव्हर रायफल या काडतुसात त्या काळी कधी निघालीच नाही. त्याच्या बुडाची कड इतकी अरुंद होती की काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याला (एक्स्ट्रॅक्टरला) पकडायला जागा पुरत नव्हती. आजच्या नकला मात्र त्यात धडाधड विकल्या जातात. ‘इतिहासाशी इमानदार’ म्हणून कुणी .४५ कोल्टची १८७३ दाखवली तर हसून घ्या. रायफल चांगलीच असते, दावा तेवढा खोटा.

झाडीतल्या हरणासाठी .३०-३०. हे १८९५ साली, धूर न करणाऱ्या बंदुकीच्या नव्या दारूसाठी आलं, आणि अमेरिकेतल्या जंगलांत त्याने जितकी हरणं मारली तितकी फार थोड्या काडतुसांनी मारली असतील. दीडशे यार्डांपर्यंत निर्धास्त, दोनशेला विचार करून, त्यापुढे नको. मोठ्या जनावराला .४५-७०. पण .४५-७० च्या डब्यांवर सगळं एकसारखं लिहिलेलं असतं आणि आत एकसारखं नसतं. १८७३ च्या ‘ट्रॅपडोअर’ फौजी बंदुकीला झेपेल असं सौम्य काडतूस एक, मजबूत लिव्हर रायफलीसाठीचं जोरदार दुसरं, आणि त्याहून वरचं, काही मोजक्या एकबारी रायफलींसाठीचं तिसरं. तिन्ही एकाच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या खोबणीत, बसतात. डब्यावर ‘फक्त आधुनिक रायफलींसाठी’ असं लिहिलं असेल तर रायफलची पुस्तिका काढून आपली कुठल्या गटात बसते ते पाहा.

कुलूप: इथे वेळ घालवा

लिव्हर खाली ओढली की बोल्ट मागे सरतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा हातोडा) ताणला जातो, आणि खालचा पाळणा नवं काडतूस वर आणतो. लिव्हर वर घेतली की ते चेंबरमध्ये जातं. एवढं सगळ्यांत सारखं. फरक पडतो तो लिव्हर बंद झाल्यावर बोल्टला काय रोखतं यात.

सगळ्यात जुना प्रकार टॉगलचा. बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० साली ज्याचं पेटंट घेतलं ती हेन्री रायफल, मग पितळी रिसीव्हरची (यंत्रणा धरणाऱ्या मधल्या सांगाड्याची) १८६६, मग १८७३, मग थोराड १८७६, ही सगळी एकाच घराण्यातली. बोल्टमागे दोन लोखंडी दुवे असतात. लिव्हर बंद झाली की ते सरळ रेषेत येतात, ताठ केलेल्या गुडघ्यासारखे, आणि मागे येणारा जोर पिना आणि सांधे झेलतात. बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवणारं असं काहीच नसतं. त्यामुळे ही यंत्रणा हाताला लोण्यासारखी वाटते, स्पर्धेत वेगवान, पण जास्त दाब सोसायला बनलेली नाही. उबेर्तीच्या आजच्या १८७३ मधलं पोलाद मूळच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे आणि ती कारखान्याच्या .३५७ ला घाबरत नाही. तरी कुणी घरी भरलेली ‘जरा जास्त दारूची’ काडतुसं देऊ केली, तर टॉगलवाल्या रायफलीत ती घालू नका. आणि टॉगलवाल्यांमधल्या हेन्री आणि १८६६ ला तर सौम्य काडतुसांखेरीज काही देऊच नये, असं माझं मत.

दुसरा प्रकार जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी बंदूक-रचनाकाराचा. १८८६ मध्ये त्याने बोल्टच्या दोन्ही बाजूंना दोन उभे पोलादी कुलुपी ठोकळे दिले. लिव्हर बंद होताना ते खालून वर सरकतात आणि बोल्ट व रिसीव्हर यांना एकत्र जखडतात. .४५-७० सारखं मोठं काडतूस विंचेस्टरच्या लिव्हर रायफलीत नीट बसलं ते या कुलपामुळे. १८९२ म्हणजे तिचंच लहान भावंड: तेच दोन ठोकळे, आकार पिस्तुलाच्या काडतुसांना बेतलेला. रॉसीने याच नमुन्यावर .४५४ कसुलसारखं जबर काडतूसही चालवून दाखवलं, यावरून ताकद लक्षात यावी. पहिली रायफल कुठली असं विचारलंत तर माझं उत्तर .३५७ मधली १८९२. हलकी, मजबूत, आणि त्या वजनाला दुसरं काही सहसा इतकं उपयोगी पडत नाही.

तिसरा, १८९४. यात मागच्या बाजूला एकच रुंद ठोकळा वर येतो, आणि लिव्हर ओढली की खालचा सगळा भाग दुव्यासकट खाली उतरतो. लांब काडतुसाला जागा व्हावी म्हणून ही युक्ती. .३०-३० चं घर हेच. हाताला ती १८७३ इतकी गुळगुळीत वाटत नाही. थोडी खडखड होते, त्याने बिघडत काही नाही.

१८९५ चं प्रकरण वेगळं. बाकीच्यांत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात असतात; हिला ते नाही, पोटात उभं मॅगझिन. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने १९०९ च्या आफ्रिका सफरीत .४०५ विंचेस्टरची हीच नेली. हौस असेल आणि खांदा दणकट असेल तरच हिच्याकडे वळा.

अमेरिकेची मार्लिन ही नक्कल नव्हे, ती सलग चालत आलेली स्वतंत्र परंपरा. रिसीव्हर वरून बंद, रिकामं काडतूस बाजूने बाहेर, त्यामुळे दुर्बीण बसवायला सोयीची. चष्म्याचा नंबर वाढलेल्यांनी तिकडे जरूर पाहावं. २०२० मध्ये कंपनी रुगर या दुसऱ्या बंदूक कंपनीने घेतली. त्याआधीच्या काही वर्षांतला माल घडाईत कच्चा असल्याची तक्रार सर्रास ऐकू येते, तेव्हा जुनी घेताना कुठल्या काळातली ते विचारा. आणि आजच्या ‘हेन्री रिपीटिंग आर्म्स’चा बेंजामिन हेन्रीशी संबंध नावापुरता आहे, ती १९९६ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली नवी कंपनी. मुलांना शिकवायला त्यांची .२२ रायफल फार छान.

दुकानात हातात घेतल्यावर

नळी सुरक्षित दिशेला. लिव्हर पूर्ण उघडा. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग बोटाने चाचपा. विक्रेत्याने तपासली असली तरी तुम्ही पुन्हा तपासा. कुणी शहाणा माणूस याचा राग मानत नाही.

मग लिव्हर सावकाश चालवा. शेवटच्या इंचात अडकते का? बंद झाल्यावर हलते का? लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे नख फिरवा. स्क्रूच्या खाचा बघा: त्या चुरगळलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने आत हात घातलेला आहे. नळीच्या तोंडाची कड ओरखडलेली नको. इटालियन रायफलीवर गार्दोने व्हाल त्रोंपियाच्या सरकारी चाचणी केंद्राचे शिक्के असतात आणि एका छोट्या चौकटीत दोन अक्षरं. ती अक्षरं म्हणजे चाचणीच्या वर्षाची खूण. वापरलेली रायफल ‘अगदी नवी’ म्हणून विकणाऱ्याचं पितळ तिथे उघडं पडतं.

रॉसी घेणार असाल तर काडतूस भरायच्या झडपेवर अंगठा दाबून बघा. स्प्रिंग कडक आणि कड धारदार असते. वीस काडतुसं भरली की अंगठा सोलवटतो. कड घासून गुळगुळीत करणं जाणत्या कारागिराला अवघड नाही. वाचलेल्या पैशांतले थोडे त्याला दिले तरी सौदा फायद्याचाच.

सेफ्टी हा वादाचा विषय. मिरोकूच्या बऱ्याच नमुन्यांत दस्त्याच्या गळ्यावर सरकती कळ आणि घोड्याला मागे उसळवणारी यंत्रणा आहे. जुन्या घाटाच्या चाहत्यांना ती खुपते, मलाही दिसायला आवडत नाही. पण नवख्याने तिच्यावर रुसून रायफल नाकारू नये. मोठ्या गोल लूपची लिव्हर मात्र नाकारावी. जाड हातमोज्यांत ती कामाची, एरवी बोटं आतल्या आत आपटत राहतात.

भरणं, रिकामी करणं

नळकांड्यात काडतुसं एकामागे एक असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला, टेकलेलं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने नळकांड्यातच बार उडू शकतो. म्हणून सपाट नाकाच्या गोळ्या. हॉर्नडीच्या लेव्हरेव्होल्यूशन काडतुसांत टोक मऊ प्लॅस्टिकचं असतं, ती चालतात.

भरताना नळी सुरक्षित दिशेला, चापावर बोट नाही. काडतूस झडपेतून आत ढकला, पण कड थोडी बाहेर राहू द्या; पुढचं काडतूस तिला आत लोटेल आणि झडप अंगठ्यावर मिटणार नाही. उबेर्तीच्या हेन्रीला झडपच नाही. तिथे नळकांड्यातला दट्ट्या स्प्रिंगसकट तोंडाकडे नेऊन पुढचा भाग फिरवावा लागतो. काडतुसं टाकताना रायफल तिरकी धरा, म्हणजे ती घसरत जातील. उभी धरून एकावर एक टपाटप टाकू नका. दट्ट्या हाताने धरून सावकाश खाली आणा, सुटला तर काडतुसांवर जोरात आदळतो. आणि लाकडी पुढचा दस्ता नसल्याने दहा-बारा फैरींनंतर नळी हाताला चटके देते.

लिव्हर चालवताना लाजू नका. नवखे लोक महागडी वस्तू म्हणून हळुवार, अर्धवट ओढतात आणि काडतूस मध्येच अडकलं की रायफलीला दोष देतात. पूर्ण खाली, पूर्ण वर, एका दमात.

सेफ्टी नसलेल्या जुन्या पद्धतीच्या रायफलीत घोडा पूर्ण खाली टेकलेला असेल तर फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) प्रायमरवर टेकू शकते; पडली, आपटली तर बार. म्हणून चालताना चेंबर रिकामं ठेवा, निदान घोडा अर्ध्या खाचेवर. ताणलेला घोडा अंगठ्याने उतरवण्याचा सराव घरी नकली काडतुसांवर करा. थंडीने बोटं बधिर झाल्यावर पहिल्यांदा हे करून बघायची वेळ येऊ नये.

रिकामी करताना बहुतेक नमुन्यांत प्रत्येक काडतूस यंत्रणेतून फिरवूनच बाहेर काढावं लागतं. बोट चापापासून लांब, सगळी निघाली असं वाटल्यावर आणखी दोनदा लिव्हर, मग डोळे आणि बोट.

नेम बसवणं आणि जंगल

पहिल्यांदा २५ यार्डांवर कागद लावा, मग १०० वर. नेम धरायची मागची खूण, म्हणजे साइट, ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते, पुढची उलट. मागच्या साइटखाली पायऱ्यांची पट्टी असते, एक पायरी वर म्हणजे गोळी वर. .३०-३० शंभरावर बसवली की दोनशेला सात-आठ इंच खाली जाते. हे कागदावर स्वतः पाहून घ्या.

१८८६ ला चंद्रकोरीसारखी पोलादी पाठ असेल तर ती खांद्याच्या खळग्यात लावू नका. ती दंडाच्या सांध्यावर, थोडी बाहेर बसते. खळग्यात लावून .४५-७० चालवणाऱ्याला दोन फैरींत समजतं.

शिकारीआधी हंटर एज्युकेशनचा वर्ग करा, आणि आपल्या राज्याची चालू वर्षाची नियमावली वाचा. रायफल घेण्याआधी वाचलीत तर आणखी बरं. ओहायोत हरणाला सरळ भिंतीच्या काडतुसाची रायफल चालते: .३५७, .४४ मॅग्नम, .४५-७० ठीक, पण .३०-३० चं काडतूस गळ्याशी निमुळतं, म्हणून बाद. इलिनॉयने २०२३ पासून हरणाला रायफल मोकळी केली ती फक्त एकबारी. लिव्हर-अ‍ॅक्शन तिथे चालत नाही. न्यू जर्सीत हरणाला असली रायफल चालतच नाही, तिथल्या एडिसन गावच्या मंडळींना पेनसिल्व्हेनियात जावं लागतं, आणि वाटेत ती रिकामी, कुलूपबंद, काडतुसं वेगळी.

साफसफाई

टॉगल आणि ब्राउनिंगच्या रायफलींत मागून नळीत गज घालता येत नाही, तोंडाकडूनच साफ करावी लागते. पितळी गाइड वापरा, नाहीतर गज नळीची कड खातो आणि नेम बिघडतो. मार्लिनची लिव्हर एका स्क्रूने निघते आणि बोल्ट हातात येतो, तिथे मागूनच साफ करा. १८७३ च्या बाजूच्या पट्ट्या एका स्क्रूवर असतात, आत बघायला सोपी. १८९२ आणि १८९४ मात्र हौसेखातर उघडू नका. पुन्हा जोडताना रविवार जातो. स्क्रूला बरोबर बसेल असंच पातं घ्या.

बंदुकीची जुनी, धूर करणारी काळी दारू वापरणार असाल तर .४४-४० चं पातळ पितळ चेंबरला चिकटून धूर मागे येऊ देत नाही; .४५ कोल्टचं जाड असतं, तिथे काजळी थेट यंत्रणेत येते. त्याच संध्याकाळी साबणाचं गरम पाणी, कोरडं फडकं, तेल. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर गंज चढायला सुरुवात झालेली असेल.